उन्हाळी समजून गोळ्या घेत राहिले, आता कल्चरमध्ये बहुतेक ठिकाणी ‘आर’ आलंय. काय करू?

पैठणीवाली

नमस्कार. विषय घरात मोठ्यानं बोलायचा नाही असा आहे, म्हणून इथं विचारते.

मी ४१ वर्षांची. महाद्वार रोडला साड्यांच्या दुकानात काउंटरला असते, १७ वर्षं झाली. दुकानात टॉयलेट आहे, पण ते वरच्या मजल्यावर गोडाउनच्या मागं. हमाल, माळ्यावरची पोरं सगळे तेच वापरतात आणि कडी नीट लागत नाही. आम्ही तिघी बायका सकाळी घरातून निघताना जाऊन येतो, ते थेट दुपारी जेवायला घरी गेल्यावर. नवरात्रात दुपारचं घरी जाणंही नसतं. अंबाबाईला येणारं गिऱ्हाईक रात्री ११ पर्यंत सुरू असतं. मग पाणीच प्यायचं नाही. दोन घोट, घसा ओला करायला.

गेल्या नवरात्रात पहिल्यांदा जळजळ सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, “उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी पी.” प्यायले. तिसऱ्या दिवशी लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायला लागलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सांगितलं, त्यानं नॉरफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या पट्टीतून कापून दिल्या. दोन घेतल्यावर आराम पडला. उरलेल्या दोन मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवल्या. जानेवारीत परत तेच. त्या दोन घेतल्या, आणखी दोन आणल्या, थांबलं. चैत्रात जोतिबाला जाऊन आले आणि तिसऱ्यांदा सुरू झालं. यावेळी तीच गोळी पाच दिवस घेतली, काही उपयोग नाही. लघवी गढूळ, उग्र वास, शेवटी शेवटी रक्ताचा थेंब. ताप नाही.

मग डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला लावलं. रिपोर्ट असा: ई. कोलाय, १ लाखाहून जास्त, ई.एस.बी.एल. पॉझिटिव्ह. ॲम्पिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम, को-ट्रायमॉक्साझोल या सगळ्यांपुढं ‘आर’, म्हणजे चालणार नाही. नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन, मेरोपेनेम यांपुढं ‘एस’, म्हणजे चालेल.

बाईंनी नायट्रोफ्युरँटॉइन १०० ची, दिवसातून दोनदा, पाच दिवस लिहून दिलीय. माझे चुलत दीर एका दवाखान्यात कामाला आहेत. ते म्हणतात, मेरोपेनेम सगळ्यात भारी, ॲडमिट होऊन इंजेक्शनं घेऊन टाका, एकदाचं मुळातून जाईल. मेडिकलवाला म्हणाला, ही लई जुनी गोळी आहे. मिस्टर दोघांचं ऐकून गप्प बसलेत आणि गोळ्यांचं पाकीट कालपासून टेबलावर तसंच आहे.

खरंच या जुन्या गोळीनं जाईल का? आणि मला हे झालं कसं? मी रोज दोनदा अंघोळ करणारी बाई आहे. औषधंसुद्धा आयुष्यात फार घेतली नाहीत.

लॅबमधली मावशी

ताई, आधी ती गोळी सुरू करा, पोटभर जेवून. बाकीचं नंतर वाचा.

मी डॉक्टर नाही. शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये २२ वर्षं कल्चरच्या टेबलावर आहे. लघवीच्या डब्या रोज माझ्या हातून जातात आणि त्यातल्या जास्त बायकांच्याच असतात. तुमच्या रिपोर्टसारखे रिपोर्ट मी आठवड्यात कितीतरी वेळा टाइप करते. म्हणून जरा लांबण लावते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो वाचून मला वाईट वाटलं. याचा अंघोळीशी संबंध नाही. ई. कोलाय हा आपल्या आतड्यात राहणारा जंतू, तुमच्याही, माझ्याही. तिथं तो काही बिघडवत नाही. बाईची मूत्रनलिका असते जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची सुमारे २०. शिवाय आपल्याकडं तिचं तोंड शौचाच्या जागेपासून जवळ. तेवढं अंतर चढून जंतू मूत्राशयात पोचतो. लघवी वेळेवर होत असली तर तो धुऊन निघतो. पाच-सहा तास तुंबवून ठेवली तर त्याला कोमट, साठलेलं, शांत डबकंच मिळतं, आणि अशा उबेत तो २० मिनिटांत दुप्पट होतो. निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं. तुम्ही अस्वच्छ नाही. तुमच्या दुकानाच्या टॉयलेटला कडी नाही, एवढंच.

आता ‘आर’चं. आमच्या टेबलावर काय होतं ते सांगते, म्हणजे कागदावरची अक्षरं भीतीदायक वाटणार नाहीत.

तुमची डबी आली की एका बारीक तारेच्या कडीनं त्यातला १ मिलिलिटरचा हजारावा भाग उचलून प्लेटवर ओढायचा. प्लेट रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी झाकण उघडलं की आधी वास येतो, मग दिसतात गुलाबी ठिपके, मोहरीएवढे. शंभर ठिपके मोजले म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ लाख जंतू. तुमच्या रिपोर्टमधला आकडा तिथून आला. मग त्यातलाच जंतू दुसऱ्या प्लेटवर कापसाच्या बोळ्यानं सारखा पसरायचा, सारवल्यासारखा, आणि वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. शर्टाच्या बटणाहून लहान असतात. दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती स्वच्छ रिकामा गोल पडतो, ते औषध त्या जंतूला मारतं. तो गोल मी पट्टीनं मोजते. ठरलेल्या मापाइतका भरला तर ‘एस’. आणि जिथं जंतू चकतीच्या काठापर्यंत दाट वाढलेला असतो, तिथं पट्टी उचलावीही लागत नाही.

मी कामाला लागले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीभोवती गोल दिसणं नवलाचं नव्हतं. आता एखाद्या प्लेटवर मोठा गोल दिसला तर शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवावासा वाटतो.

तुम्ही म्हणता, औषधं फार घेतली नाहीत. पण एक आठवून बघा. जुलाब लागले की घरात कुठली गोळी येते? नॉरफ्लॉक्सासिन नाहीतर ऑफ्लॉक्सासिन, दुसऱ्या एका औषधासोबत एकत्र केलेली. गंगाजत्रा झाली, लग्नाच्या पंगतीत काही बाधलं, यात्रेत पाणी बदललं, की दोन गोळ्या. ती गोळी जाते कुठं? आतड्यात. म्हणजे जिथं हा ई. कोलाय राहतो तिथंच. साधे जंतू मरतात, ज्यांना ती पचते ते उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात. पुढं कधीतरी त्यातलाच एक मूत्राशयात चढतो आणि आपण त्याला परत तीच गोळी देतो, ज्या गोळीतून तो तगलेला आहे. तुमच्या बाबतीत तर लघवीसाठीच ती तीन वेळा झाली, दोनदा अर्धवट आणि तिन्ही वेळा न तपासता.

आणि हे जंतू आपली युक्ती स्वतःपुरती ठेवत नाहीत. गुणसूत्राशिवाय त्यांच्याकडं डी.एन.ए.ची छोटी कडी असते, प्लास्मिड म्हणतात तिला. ती एक जंतू दुसऱ्याला देतो. ई.एस.बी.एल. म्हणजे सेफिक्झिमच्या घराण्यातली औषधं फोडणारं विकर (एन्झाइम), त्याची कृती बहुधा याच कडीवर असते आणि सोबत दुसऱ्या औषधांना पुरून उरायची कृतीही. म्हणून सेफिक्झिम तुम्ही कधी घेतलंच नसेल, तरी त्यापुढं ‘आर’ येऊ शकतं.

आता दीरांचं म्हणणं. रिपोर्टवरच्या ‘एस’ औषधांत खालचं ते जास्त भारी, असं काही नसतं. मेरोपेनेम हे राखून ठेवायचं औषध आहे, रक्तात जंतू गेलेल्या, आयसीयूतल्या माणसासाठी. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे, जुनी खरीच. पण तिचा गुण असा की ती रक्तात फार रेंगाळत नाही, मूत्रपिंडातून गाळून लघवीत येऊन साठते. नेमकी जिथं पाहिजे तिथं. आणि ती जंतूच्या आत एकाच जागी नाही, बऱ्याच ठिकाणी घाव घालते, त्यामुळं इतक्या वर्षांत ई. कोलायला तिच्यातून सुटायची वाट फारशी सापडलेली नाही. मी पट्टीनं मोजते ना, तिचा गोल अजूनही पडतो.

मात्र ती मूत्राशयापुरतीच. थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत एका बाजूला ठणका लागला, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडाकडं चढलाय असं धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. तिथं ही गोळी पुरत नाही. मूत्रपिंडाचा त्रास आधीपासून असेल, दिवस गेलेले असतील, तर तेही बाईंना सांगा. आणि लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नका, ते गोळीमुळं होतं.

एक राहिलं. जळजळीवर मेडिकलमधून ते गोडसर, लघवी अल्कधर्मी करणारं सिरप आणलं असेल तर या पाच दिवसांत बाईंना विचारल्याशिवाय घेऊ नका. ही गोळी आम्ल लघवीत जास्त काम करते.

कागलची लेक

मावशींनी लिहिलेलं वाचून माझे हात कापले. आमच्या आईचं सांगते.

आई ६८ ची, शुगर १२ वर्षं. मागच्या पावसाळ्यात म्हणायला लागली, उन्हाळी लागली. पावसाळ्यात कसली उन्हाळी, हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यात आला नाही. वाळा घातलेलं पाणी दिलं, सब्जा दिला, मी स्वतः मेडिकलमधून दोन-दोन गोळ्या आणून दिल्या. आठवडाभर कमी-जास्त चाललं. एका संध्याकाळी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या. म्हणाली, “मी झोपतो जरा, तू जा.” रात्री उठवायला गेले तर मला ओळखेना. माझ्या मावशीचं नाव घेऊन हाक मारायला लागली, जी जाऊन नऊ वर्षं झाली.

कोल्हापूरला आणलं. रक्तदाब खाली गेलेला. लघवीच्या कल्चरमध्ये जो जंतू, तोच रक्ताच्या कल्चरमध्ये. मेरोपेनेम दर आठ तासांनी, आयसीयूत सहा दिवस. घरी आली, पण आता जिना चढत नाही.

तिला जळत होतं तेव्हा ती रोज सांगत होती. आम्ही ऐकत होतो आणि पाण्यात धने टाकत होतो. तो ‘उन्हाळी’ शब्दच मी आता घरात वापरू देत नाही.

काउंटरवरचा

मी मेडिकलमध्ये कामाला आहे, त्यामुळं ताईंच्या पोस्टमधला ‘मेडिकलवाला’ वाचून टोचलं. पण खरं आहे.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही औषधांची यादी लागू आहे. सेफिक्झिम, लिवोफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम अशी औषधं दिली की डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. नॉरफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन त्या यादीत नाहीत, पण चिठ्ठीशिवाय तीही द्यायची नाहीत. पाकिटावर जी लाल उभी रेघ असते ती त्यासाठीच.

बायका काउंटरला आल्या की आधी आजूबाजूला बघतात, पुरुष गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबतात, मग हळूच म्हणतात, “उन्हाळीची गोळी द्या.” डॉक्टरकडे जा म्हटलं की तोंड उतरतं. तिथं परत पुरुषासमोर बोलायचं, पैसे, अर्धा दिवस जायचा. मी बऱ्याच वेळा दिली आहे गोळी. तीनेक वर्षांपूर्वी एक बाई महिन्यात चौथ्यांदा आली तेव्हापासून बंद केलं. आता जवळच्या डॉक्टरबाईंची वेळ एका कागदावर लिहून काउंटरला चिकटवली आहे आणि तिकडं बोट दाखवतो. काही बायका जातात. काही शेजारच्या दुकानात जातात, तेही मला दिसतं.

प्रसूतिगृहातून

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. लॅबच्या ताईंनी बरंच नेमकं सांगितलंय, थोडीच भर घालते.

पहिल्यांदाच, साधी जळजळ, ताप नाही, दिवस गेलेले नाहीत, तर प्रत्येक वेळी कल्चर लागतंच असं नाही. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर गोळी सुरू करण्याआधी नमुना द्यायलाच हवा. तुमचं तिसरं आहे, त्यामुळं एकदा सोनोग्राफी आणि शुगरही बघून घ्या. गोळी सुरू केल्यावर ४८ तासांत काहीच फरक पडला नाही तर पाचव्या दिवसाची वाट बघू नका.

उलट बाजूही सांगते. काहीही त्रास नसताना ‘चेकअप’मध्ये कल्चर केलं, जंतू निघाले आणि लगेच अँटिबायोटिक सुरू, असं होता कामा नये. गरोदरपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया सोडल्या तर बहुतेकींना त्याचा फायदा नसतो. विशेषतः म्हाताऱ्या बायकांना अशी औषधं विनाकारण दिली जातात. पाळी गेलेल्यांना वारंवार त्रास होत असेल तर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम पुष्कळ उपयोगी पडतं. त्याबद्दल विचारायला लाजू नका.

आणि पाणी. २०१८ मध्ये एका अभ्यासात, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायका घेतल्या होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. तेव्हा सासूबाईंच्या धने-जिऱ्याच्या पाण्यातलं पाणी कामाचं आहे. झालेला संसर्ग मात्र तेवढ्यानं जाईल असं धरू नका. आणि पाणी वाढवायचं तर जायला जागा हवी, हे मला कळतं. चिठ्ठीवर मी ते लिहून देऊ शकत नाही.

पैठणीवाली

सगळ्यांचे आभार. त्याच रात्री जेवून गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी झाली. मावशींनी आधी सांगितलं नसतं तर मी घाबरून बंद केली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी बसले आणि जळलं नाही. लक्षातच आलं नाही आधी, हात धुताना आलं. काल रात्री दहावी गोळी संपली. डब्यात एकही ठेवलेली नाही.

जुलाबाच्या गोळीचं बरोबर निघालं. घरातला औषधाचा डबा उघडला, तर त्या जातीच्या तीन अर्ध्या पट्ट्या सापडल्या. एक तर मुलाच्या दहावीच्या सहलीच्या वेळची.

दुकानात आम्ही तिघी मिळून मालकांशी बोललो. मालकीणबाई हिशेबाला आल्या होत्या, त्यांच्यासमोरच विषय काढला. मी रिपोर्ट दाखवला. मालक वर बघेनात. बाईंनी कागद पूर्ण वाचला आणि दुपारीच सुताराला फोन लावला. नवी कडी बसली आहे आणि किल्ली आमच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये असते. मी पाण्याची एक लिटरची बाटली ठेवते, संध्याकाळपर्यंत दोनदा भरते. नवरात्रात काय होतंय ते बघायचं.

आता दुसरंच. काल रात्री भांडी घासताना सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तुझ्या त्या डॉक्टरणीकडं मी येतो.” त्यांना गेल्या दिवाळीपासून जळतंय. रात्री चार-चार वेळा उठतात, ते मला म्हातारपण वाटत होतं. मला धने-जिऱ्याचं पाणी करून द्यायच्या तेव्हा त्यातलाच अर्धा पेला त्या स्वतः पीत होत्या. ७२ वर्षांच्या आहेत, ताप वगैरे काही नाही. डॉक्टरबाईंची वेळ परवाची मिळालीय, पण फोनवर म्हणाल्या, उद्या नमुना देऊन ठेवा. कसा घ्यायचा? त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही.

लॅबमधली मावशी

घरी कमोड नसेल तर मधोमध भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची मिळते, नाहीतर कुणाकडून तरी मागून आणा. तुम्ही सोबत आत जा. लघवीची जागा साध्या पाण्यानं पुढून मागं धुवायची, डेटॉल वगैरे काही नको. पहिली धार सोडून द्यायची, मग मधली धार डबीत धरायची, शेवटची परत सोडायची. डबी लॅबमधूनच आणा, निर्जंतुक असते. घरातली औषधाची बाटली उकळून आणू नका, कितीही स्वच्छ वाटली तरी. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही.

नमुना देईपर्यंत त्यांना कुठलीच अँटिबायोटिक द्यायची नाही. दोन गोळ्या पोटात गेल्या की माझ्या प्लेटवर बऱ्याचदा काही उगवत नाही आणि रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा जातो.

डबी दोन तासांच्या आत पोचली पाहिजे. गारगोटीहून एस.टी.नं पिशवीत घालून तीन तासांनी येणाऱ्या डब्या असतात, त्यांत वाटेतच जंतू वाढलेले असतात आणि आकडा खोटा येतो. तुम्ही गावातच आहात, पण दुकान उघडायच्या गडबडीत राहिलीच, तर फ्रिजमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात, पिशवीत बांधून. डबीवर त्यांचं नाव आणि वेळ लिहा, तुमचं नाही. आदल्या आठवड्यात एकाच घरातल्या दोन डब्या आल्या होत्या, दोन्हींवर सुनेचंच नाव.

आमच्याकडं सकाळी साडेसातला दार उघडतं. तुमच्या जवळच्या लॅबची वेळ आज रात्रीच फोन करून विचारून ठेवा.